उकिरड्यावरची लोकर आणि पडक्या छपराची गिरणी

माण, खटाव, आटपाडी, जत, सांगोला या कोरड्या पट्ट्यात ज्यांचे गाव आहे, त्यांनी मेंढ्यांची कातरणी लहानपणी नक्की पाहिली असेल. मेंढीचे पाय बांधून तिला आडवी पाडायची आणि लांब पात्याच्या कातरीने अंगावरची लोकर उतरवायची. बघता बघता काळ्या-करड्या लोकरीचा ढीग लागायचा. पूर्वी त्या ढिगाला मोल होते. सनगर यायचे, भाव व्हायचा, लोकर घरोघर जायची. बायका ती पिंजायच्या, सूत कातायच्या. चिंचोक्याची खळ लागलेले सूत खड्ड्याच्या मागावर चढायचे आणि घोंगडी होऊन बाजारात यायचे. पावसात डोक्यावर खोळ, रात्री अंगाखाली अंथरूण, थंडीत पांघरूण. गरिबाच्या घरात एक घोंगडी अशी तीन कामे करीत असे.

आज तीच कातरणी जाऊन पाहा. कातरणाऱ्याची मजुरी लोकरीच्या किमतीपेक्षा जास्त होते. मेंढी मोकळी करण्यासाठी लोकर काढावी तर लागतेच, नाहीतर तिच्या अंगाला किडे-गोचीड होतात. मग मेंढका पदरचे पैसे घालून लोकर काढतो, ती तिथेच टाकतो आणि वाडा उचलून पुढच्या गावाला जातो. मागे उरलेली लोकर बांधाला, ओढ्याला, उकिरड्यावर पडून राहते.

वाचक बंधू-भगिनींनो, किती लोकर अशी जाते याचा एक साधा हिशेब करून पाहा. २०१९ च्या पशुगणनेप्रमाणे महाराष्ट्रात सुमारे २७ लाख मेंढ्या आहेत. एका मेंढीची वर्षाची लोकर अर्धा किलो धरली, तरी तेरा लाख किलोंच्या वर लोकर होते. त्याच वेळी आपला देश ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडहून जहाजे भरून लोकर आणतो. घरची टाकायची आणि परदेशातून विकत आणायची, हा व्यवहार कसा झाला?

त्याचे सरळ कारण असे की, दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी असते. मऊ स्वेटर, तलम शाल, सुटाचे कापड तिच्यातून होत नाही. मोठ्या गिरण्यांची यंत्रे मऊ, लांब धाग्याच्या लोकरीसाठी बसवलेली आहेत. त्यांना ही लोकर नको. घोंगडी विणणाऱ्यांची पुढची पिढी मागावरून उठली आणि स्वस्त सिंथेटिक ब्लँकेट आठवड्याच्या बाजारात आले. मेंढपाळाचे पोट आता कोकरांच्या विक्रीवर आणि शेतात मेंढ्या बसवून मिळणाऱ्या पैशांवर चालते. म्हणजे एका टोकाला लोकर आहे, दुसऱ्या टोकाला कामाला हात आहेत, आणि मधली गिरणी नाही.

"हा धनगरांचा प्रश्न आहे, आपला त्यात काय संबंध?" असे कुणी विचारील. संबंध आहे. याच पट्ट्यातून आपल्यापैकी अनेकांचे वडील-आजोबा पोटासाठी मुंबईच्या गिरण्यांत गेले. गावात गिरणी असती तर ते गेले असते का? आणि गावात उद्या गिरणी निघालीच, तर तिच्यात आपला मुलगा, आपली सून कोणत्या खात्यात असेल? या दोन प्रश्नांचे उत्तर शोधताना मला फ्रान्समधल्या एका खेड्याची हकीकत फार उपयोगाची वाटली. ती आज सविस्तर सांगतो.

फ्रान्सच्या दक्षिण भागात आर्देश नावाचा डोंगराळ जिल्हा आहे. उतारावरची लहान शेते, चेस्टनटची झाडे, मेंढ्या, आणि ओढ्याच्या पाण्यावर चालणारे लहान कारखाने, असा तो मुलूख. तिथे एके काळी रेशमाला पीळ देणारे कारखाने पुष्कळ होते. ते एकामागून एक बंद पडले. तरुण माणसे शहराकडे गेली, गावे म्हाताऱ्यांची झाली. मेंढ्या राहिल्या, पण कृत्रिम धागा आणि समुद्रापलीकडची लोकर यांच्यापुढे त्यांच्या लोकरीला कुणी विचारीना. तिथले शेतकरीसुद्धा लोकर टाकून देऊ लागले. देश श्रीमंत, पण मेंढपाळाची अवस्था आपल्यासारखीच.

या जिल्ह्यात सां-पिएरव्हील नावाचे काही शे वस्तीचे गाव आहे. गावाजवळ ओढ्याकाठी लोकर कातण्याची एक जुनी गिरणी पडून होती. १९७२ साली बेआत्रिस आणि जेरार बारास हे तरुण जोडपे तिथे पोहोचले. छप्पर खचत चालले होते, यंत्रांवर गंज होता. दुसरा कुणी असता तर भंगाराचा भाव काढून निघून गेला असता. यांनी विचार केला तो असा: मेंढ्या इथेच आहेत, लोकर फुकट जाते आहे, माणसांना काम नाही, मग ही गिरणी पुन्हा का चालू नये?

त्यांनी काही मित्र जमवले. कुणाकडे भांडवल नव्हते. १९७५ च्या सुमारास काम हाती घेतले. छप्पर दुरुस्त केले, भिंती सावरल्या, यंत्रे खोलून साफ केली. ज्या म्हाताऱ्या माणसांना लोकरीचे काम ठाऊक होते त्यांच्यापाशी बसून हात शिकवून घेतला. कातरणी शिकले, पिंजण शिकले, लोकरीची गादी भरायला शिकले. ही वर्षे बिनपगारी गेली. शेवटी १९८२ साली त्यांनी कामगारांची सहकारी संस्था रीतसर नोंदवली. नाव ठेवले 'आर्देलेन'. जिल्ह्याचे नाव आर्देश आणि फ्रेंच भाषेत लोकरीला लेन म्हणतात, त्या दोन्हींची ती जोड आहे.

१९८२ हे साल वाचताना आपल्यापैकी कितीतरी घरांत काळजात चर्र होईल. त्याच वर्षी १८ जानेवारीला मुंबईचा गिरणी संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि त्यातले बहुतेक पुन्हा त्या फाटकातून आत गेले नाहीत. ज्या वर्षी आपल्याकडे गिरणीचे भोंगे थांबले, त्या वर्षी एका परक्या खेड्यात मूठभर माणसे गिरणी सुरू करीत होती. दोन्हींची तुलना करावी असे मी म्हणत नाही. आपल्या गिरण्या प्रचंड होत्या, त्यांच्या जमिनीवर पुष्कळांचा डोळा होता, मालक दुसरे होते. पण एक फरक मनात धरा. आपल्या कामगाराने गिरणीत जन्म काढला, तरी गिरणी बंद करायची की चालवायची हे ठरवताना त्याला कुणी विचारले नाही. आर्देलेनमध्ये जो यंत्रावर उभा होता, तोच ते ठरवीत होता.

फ्रान्सच्या कायद्याप्रमाणे अशा कामगार संस्थेत भाग किती आहेत ते मतदानाच्या वेळी पाहिले जात नाही. एक माणूस, एक मत. नफ्याचा किमान चौथा हिस्सा काम करणाऱ्यांना द्यावा लागतो, आणि एक हिस्सा संस्थेच्या गंगाजळीत ठेवावा लागतो. तो वाटून खाता येत नाही. सुरुवातीच्या काळात आर्देलेनने सगळ्यांना सारखेच वेतन दिले. एकाच माणसाने अनेक कामे करायची असाही रिवाज ठेवला. वसंतात मेंढ्या कातरायला जाणारा माणूस हिवाळ्यात यंत्रावर बसतो आणि जत्रेच्या दिवसांत दुकान मांडून माल विकतो. म्हणून उंची काम एकाचे आणि हलके काम दुसऱ्याचे, असे पक्के कप्पे पडले नाहीत.

आता लोकरीचे काय केले ते पाहा, कारण यशाची किल्ली तिथे आहे. त्यांच्याकडची लोकरही तलम नव्हती. पहिल्याच दिवशी मऊ स्वेटरच्या मागे लागले असते तर बुडाले असते. त्यांनी लोकर हातात घेऊन पाहिली आणि तिच्या जोगे काम शोधले: गाद्या, रजया, उशा. जाडसर लोकर दाबली तरी पुन्हा फुगते, अंगाचा दमटपणा शोषून घेते, चटकन पेट घेत नाही. गादीला याहून काय हवे? गादीसाठी सूत कातायचीही गरज नसते. लोकर धुऊन पिंजली की झाले. लोकर धुण्याचे काम बाहेरच्या धुलाईघराकडून करून घेतले. सगळेच आपल्या छपराखाली झाले पाहिजे असा हट्ट धरला नाही. गादी-रजईत पाय रोवल्यावर स्वेटर, मोजे, टोप्या आल्या.

दुसरी गोष्ट मेंढपाळाशी नाते. संस्थेची माणसे स्वतः कातरणीला जातात आणि लोकर तिथेच निवडतात. पोटाखालची घाणेरडी वेगळी, पाठीवरची चांगली वेगळी, रंगाप्रमाणे ढीग वेगळे. चांगल्या लोकरीला बाजाराहून अधिक भाव देतात. त्यामुळे मेंढपाळही गवत-काटे लोकरीत जाऊ नयेत म्हणून जपू लागला. आज सुमारे अडीचशे मेंढपाळांच्या सुमारे ५० हजार मेंढ्यांची लोकर त्या गावात येते. पन्नासहून अधिक माणसांना तिथे काम मिळाले आहे. एवढ्याशा गावात पन्नास पगार म्हणजे शाळा चालू राहते, दुकान चालू राहते.

तिसरी गोष्ट मला सर्वांत जवळची वाटली. डोंगराखाली ऱ्होन नदीच्या काठी व्हालांस नावाचे शहर आहे. तिथे फोंबार्लेत नावाची वस्ती आहे: सरकारने बांधलेल्या उंच इमारती, बाहेरदेशांतून मजुरीला आलेली कुटुंबे, आणि घरोघर बेकारी. स्वेटर शिवण्या-विणण्याचा विभाग आर्देलेनने १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात या वस्तीत काढला. शहराच्या चांगल्या भागात जागा मिळाली नसती असे नाही, पण काम जिथे नाही तिथे काम न्यायचे हे त्यांनी ठरवले. तिथल्या बायकांच्या हाताला काम मिळाले. पुढे त्याच वस्तीत मोकळ्या जागेवर रहिवाशांनी भाजीचे मळेही केले. डोंगरातल्या मेंढपाळाची लोकर आणि शहरातल्या बेकार बाईचे हात, या दोघांची गाठ एका लहान गिरणीने घालून दिली. धारावी, चेंबूर, पिंपरी, नागपूर किंवा औरंगाबादच्या वस्तीत राहणाऱ्या आमच्या वाचक भगिनींना याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

माल विकताना त्यांनी दलाल टाळला. जत्रा, प्रदर्शने, टपालाने मागणी आणि गिरणीच्या दारातले दुकान. गिरणी बघायला माणसे येतात म्हणून लोकरीचे एक संग्रहालयही उभे केले. मेंढीपासून गादीपर्यंतचा प्रवास गिऱ्हाईक डोळ्यांनी पाहतो आणि मग गादीला चार पैसे जास्त का पडतात हे त्याला समजते. बेआत्रिस बारास यांनी २००३ साली ही सगळी हकीकत पुस्तकात लिहिली. फ्रेंचमधल्या त्या पुस्तकाच्या नावाचा अर्थ 'बंडखोर मेंढ्या' असा होतो.

इथवर वाचून कुणी म्हणेल, ते फ्रान्स, तिथे सगळे जमते. पण त्यांना १९७२ पासून १९८२ पर्यंत, दहा वर्षे लागली हे विसरू नका. आणि त्यांच्यापुढे जी अडचण नव्हती, ती आपल्यापुढे आहे. तिच्याविषयी स्पष्ट बोलले पाहिजे.

१९२८ साली मुंबईच्या गिरण्यांत मोठा संप झाला. त्या वेळी बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांपुढे एक रोखठोक प्रश्न ठेवला: साचेखात्यात अस्पृश्य कामगारांना प्रवेश का नाही? साचेखाते म्हणजे विणकामाचे खाते. तिथे पगार जास्त. पण धोट्यात नवी कांडी घातली की सुताचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे. अस्पृश्याच्या तोंडाचा धोटा आमच्या तोंडाला कसा चालेल, असे सवर्ण कामगार म्हणत. म्हणून आपली माणसे कमी पगाराच्या खात्यांत. मालक एक, संप एक, लाल बावटा एक, पण धोटा वेगळा! आजच्या तरुणांना ही गोष्ट जुनी वाटेल. परंतु गावात लोकरीची गिरणी निघाली, तर लोकर धुणे, कचरा काढणे, पोती उचलणे ही कामे कुणाकडे येतील आणि वजनकाटा, यंत्र, हिशेबाची वही कुणाकडे राहील, हा प्रश्न त्याच धोट्याचा प्रश्न आहे. मेंढके, सनगर आणि मजूर एकत्र येणार असतील, तर कामे पाळीने करायची हा नियम पहिल्या सभेत लिहून घेतला पाहिजे. नंतर तो लिहिता येत नाही.

दुसरी अडचण सहकाराची. सहकाराने आपल्या राज्यात मोठे कारखाने उभे केले, हे खरे. पण अनेक ठिकाणी सभासद नावाला आणि सत्ता एका घराण्याकडे, हेही आपण पाहिले. मागासवर्गीयांच्या नावाने नोंदलेल्या कितीतरी औद्योगिक संस्था कागदाबाहेर आल्याच नाहीत. कर्जाच्या कागदावर अंगठा आपला आणि पैसा दुसऱ्याच्या दारात. म्हणून मोठ्या इमारतीने आणि मोठ्या कर्जाने सुरुवात करणाऱ्यापासून सावध राहा. आर्देलेनने आधी काम शिकून घेतले, संस्था नंतर नोंदवली. आपल्याकडे बहुधा उलटे होते.

मग आपण काय करावे? गिरणी लगेच निघणार नाही. पण ज्यांचे गाव मेंढ्यांच्या पट्ट्यात आहे, त्यांना पुढच्या कातरणीपर्यंत करता येण्यासारखी काही कामे आहेत.

गावात लोकर पिंजणारी, सूत कातणारी, माग चालवणारी म्हातारी माणसे अजून किती आहेत, त्यांची यादी करा. त्यांच्या हातातले ज्ञान त्यांच्यासोबत जाऊ देऊ नका. बचत गटातल्या दोन-चार बायकांनी त्यांच्यापाशी बसून लोकर ओळखायला आणि निवडायला शिकावे.

कातरणीच्या दिवशी मेंढक्याशी बोला. टाकून दिलेली लोकर मागून घेऊ नका, थोडी का होईना विकत घ्या. फुकट घेतलेल्या मालावर नाते उभे राहत नाही. एक पोते लोकर निवडा, धुवा, उन्हात वाळवा, वजन करा. शंभर किलोंतून धुतल्यावर किती उरते हे पहिल्या वर्षी कळले तरी पुष्कळ. मग एक गादी, चार उशा भरून आपल्याच घरात वापरून पाहा. गावातल्या पिंजाऱ्याचे यंत्र कापसासाठी असते. त्यावर लोकर चालते का हे त्याला विचारूनच पाहा, नाहीतर त्याच्या यंत्राचे नुकसान व्हायचे.

माहितीसाठी पुण्याला पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळ आहे. जोधपूरला केंद्रीय लोकर विकास मंडळ आहे. अर्ज लिहून योजनांची लेखी माहिती मागवा. तोंडी उत्तरावर समाधान मानू नका. आणि संस्था नोंदवायची वेळ आली, तर महाराष्ट्राच्या १९६० च्या सहकारी संस्था कायद्याप्रमाणे निरनिराळ्या कुटुंबांतल्या किमान दहा व्यक्ती लागतात. ही दहा घरे एकाच आळीतली नसावीत. त्यांत मेंढक्याचे घर असावे, विणकराचे असावे, आपले असावे, आणि निम्म्या तरी बायका असाव्यात; कारण पिंजण्या-कातण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या त्यांनी केले आणि त्यांच्या कष्टाचा वेगळा हिशेब कधी झाला नाही.

हिशेबाची वही मात्र पहिल्या पोत्यापासून ठेवा. ती कुलपात ठेवू नका. गिरणीच्या दारात, जिथे येणारा-जाणारा पाहू शकेल अशा जागी ठेवा. ज्याला वाचता येत नाही त्याला दर महिन्याला मुलांकडून मोठ्याने वाचून दाखवा. लोकर देणाऱ्याला आपल्या लोकरीचे काय झाले हे त्या वहीतून कळले पाहिजे, आणि यंत्रावर उभ्या असलेल्या बाईला आपल्या पगारातून काय कापले गेले ते कळले पाहिजे. तसे झाले तर दोन खोल्यांची, एका यंत्राची गिरणीसुद्धा आपली म्हणता येईल.

येत्या कातरणीला गावी जाणाऱ्यांनी एक पोते लोकर विकत घ्यावी आणि तिचे काय केले ते आम्हाला कळवावे. वजनासकट लिहावे.